मोतीबिंदू, लेसर आणि खर्चाचा हिशेब

बेळ्ळंदूरसारख्या उपनगरात नोकरदार मुलांकडे वास्तव्यास आलेल्या ज्येष्ठांपुढे एक प्रश्न हमखास उभा राहतो : मोतीबिंदू लेसरनेच काढावा काय?

प्रचलित फेको शस्त्रक्रियेलाही बोलण्यात ‘लेसर’ म्हणतात. वस्तुतः तीत श्राव्यातीत ध्वनिलहरी वापरल्या जातात. खरा फेम्टोसेकंद लेसर पारपटलाला छेद देणे, भिंगाचे आवरण उघडणे व भिंगाचे तुकडे करणे एवढेच करतो. तुकडे काढून कृत्रिम भिंग बसविणे डॉक्टरांच्याच हाती राहते. यंत्र महागडे असल्याने खर्च मात्र वाढतो.

हा जादा खर्च सार्थकी लागतो काय? फ्रान्समधील पाच विद्यापीठ रुग्णालयांत ९०९ रुग्णांवर झालेल्या तुलनेचे निष्कर्ष २०२० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. अत्यंत कडक निकष लावता यशाचे प्रमाण लेसरमध्ये ४१.१, तर फेकोमध्ये ४३.६ टक्के आढळले. म्हणजे लेसर सरस ठरला नाही, महाग मात्र ठरला.

म्हणून शस्त्रक्रिया व भिंग यांचे दर स्वतंत्रपणे लिहून घ्यावेत आणि आरोग्यविम्यात प्रत्येक डोळ्यामागे किती मर्यादा आहे, ते आधी पाहावे. डॉक्टरांनी विशिष्ट वैद्यकीय कारण सांगितले नसेल, तर लेसरचे पैसे न भरल्याने आईवडिलांच्या दृष्टीत उणीव राहील, ही धास्ती मुलांनी बाळगू नये.