'२० एमएम' खडी म्हणजे नेमकी कोणती?

गैरसमज : ज्या खडीचा प्रत्येक दगड वीस मिलिमीटरचा भरतो तीच खरी '२० एमएम' खडी, ढिगात बारीक खडी दिसली, तर पुरवठादाराने भेसळ केली.

वस्तुस्थिती : बांधकामाच्या साइटवर अत्यंत ठामपणे सांगितला जाणारा हा समज काँक्रीटच्या बाबतीत साफ चुकीचा असून त्यापायी चांगला माल परत पाठवला जातो. २० मिमी हे एकेका दगडाचे माप नसून खडीचा नाममात्र कमाल आकार आहे, म्हणजे ज्या चाळणीतून जवळजवळ सगळी खडी खाली पडते तिच्या चौकोनी भोकाचे माप. त्यामुळे पंचवीस मिमी लांबीचा पण अंगाने बारीक दगडही त्याच भोकातून उभा निसटू शकतो.

ज्यांना हे पटत नाही, त्यांनी आयएस ३८३ (२०१६) हे भारतीय मानक उघडून पाहावे. लहानमोठे आकार ठरावीक प्रमाणात असलेल्या, म्हणजेच श्रेणीबद्ध, २० मिमी खडीपैकी वजनाने ९० ते १०० टक्के माल २० मिमीच्या, २५ ते ५५ टक्के १० मिमीच्या आणि जास्तीत जास्त १० टक्के ४.७५ मिमीच्या चाळणीतून जावा, असे त्यात नमूद आहे. म्हणजे शंभर किलो खडीत किमान पंचवीस किलो माल दहा मिमीच्या चाळणीतून पडलाच पाहिजे. ज्याला भेसळ म्हणून हिणवले जाते, ती मानकाचीच अट आहे!

या अटीमागचे कारण पोकळ्यांत आहे. एकाच मापाची खडी कितीही ठासून भरली तरी दगडांमध्ये मोठ्या पोकळ्या राहतात. त्या बारीक खडीने, मग वाळूने आणि शेवटी सिमेंटच्या लगद्याने भरायच्या असल्यामुळे मधले आकार गायब झाले की ती जागा लगद्याला व्यापावी लागते आणि सिमेंटचा खर्च तर वाढतोच, शिवाय काँक्रीटचे आकुंचनही वाढते. मानकात एकमापी खडीलाही स्थान आहे, पण काँक्रीटसाठी ती सहसा १० मिमीच्या खडीत मिसळून वापरली जाते. पाण्याचा निचरा करणाऱ्या थरात मात्र तीच मुद्दाम पसरतात, कारण तेथे पोकळ्याच हव्या असतात.

वाळूबद्दलचे इतर समज थोडक्यात :

'झोन १ म्हणजे पहिल्या प्रतीची वाळू' : झोन हा दर्जा नसून जाडीचा पट्टा आहे, ६०० मायक्रॉनच्या चाळणीतून झोन १ मध्ये १५ ते ३४ टक्के, तर झोन ४ मध्ये ८० ते १०० टक्के वाळू पडते.

'सूक्ष्मता गुणांक जास्त म्हणजे वाळू बारीक' : नेमके उलट, १० मिमी ते १५० मायक्रॉन या प्रमाणित चाळण्यांवर अडलेल्या मालाच्या संचित टक्केवाऱ्यांची बेरीज, समजा, २८५ आली, तर तिला शंभराने भागून गुणांक २.८५ येतो आणि वाळू जितकी जाड तितका तो वाढतो.

'क्रश सँडमधली भुकटी म्हणजे माती' : ती बहुतांशी दगडाचीच पूड असते, म्हणूनच मानक ७५ मायक्रॉनखालील बारीक कण नैसर्गिक वाळूत ३ टक्क्यांपर्यंत, तर क्रश सँडमध्ये १५ टक्क्यांपर्यंत चालवून घेते.

'ब्रास तेवढाच, म्हणजे वाळूही तेवढीच' : दमट वाळू फुगून जास्त जागा व्यापते, त्यामुळे त्याच ब्रासमध्ये प्रत्यक्ष वाळू कमी असते.

यांपैकी कोणताही वाद ढिगाकडे पाहून मिटणारा नाही. त्यासाठी वाळवलेला नमुना, चाळण्यांचा संच आणि वजनकाटा लागतो, आणि माल परत पाठवण्यापूर्वी चाचणी-अहवाल मागण्याचे कष्ट ग्राहकाने घ्यावेत.