धान्य पिंपात, दारू साखरेची

मनमाडला धान्याचं अप्रूप नाही. रेल्वे जंक्शनइतकीच या गावाची ओळख भारतीय अन्न महामंडळाच्या अवाढव्य गोदामांनी बनलेली आहे. वॅगनमधून उतरणारी आणि वॅगनमध्ये चढणारी पोती बघतच इथल्या पिढ्या वाढल्या. गावाबाहेर पानेवाडीला तेल कंपन्यांचे डेपो आहेत आणि तिथल्या टँकरमधून राज्यभर जाणाऱ्या पेट्रोलमध्ये आता इथेनॉल असतं. देशात हे मिश्रण २०२५ सालापर्यंत वीस टक्क्यांवर गेलं. त्यातलं बरंचसं इथेनॉल मका आणि तांदळापासून बनतं, हे वर्तमानपत्र वाचणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे. धान्यातून मद्यार्क निघतो एवढं एकदा कळलं की पुढचा विचार फार लांब नसतो. पिंपभर पाणी, चार-सहा किलो साखर, थोडा भरडलेला मका किंवा गहू, बेकरीत मिळणारं यीस्ट. मोबाइलवरच्या व्हिडिओत तर हे सगळं दहा मिनिटांत उरकतं.

प्रत्यक्षात काय होतं ते सांगण्याआधी कायदा सांगितलेला बरा. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम १९४९ सालचा आहे आणि त्याचं ६५ वं कलम वर्तमानपत्रातल्या छाप्यांच्या बातम्यांमुळे सर्वांच्या कानावरून गेलेलं असतं. परवान्याशिवाय दारू गाळणं हा त्यात गुन्हा आहेच, पण गाळण्यासाठी भट्टी, भांडी किंवा साहित्य बाळगणं हाही गुन्हा आहे. म्हणजे पिंपात बुडबुडे येत असतानाच माणूस कायद्याच्या कचाट्यात सापडतो. पोलीस ज्याला ‘रसायन’ म्हणतात आणि जागेवरच ओतून देतात ते हेच, आंबत ठेवलेलं गूळपाणी. छंद म्हणून, घरच्यापुरतं, विकायचं नाही, या सबबींना तिथे जागा नाही. हा लेख त्यामुळे कृती सांगत नाही. पिंपात काय घडतं आणि काय घडत नाही, एवढंच सांगतो. न घडणारी गोष्टच जास्त रंजक आहे.

आधी साखरेचं. यीस्ट ही एकपेशीय बुरशी. ती साखर खाते आणि मद्यार्क व कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकते. हिशेब असा पडतो की दहा किलो साखरेतून जास्तीत जास्त सव्वापाच किलोच्या आसपास मद्यार्क आणि जवळपास तितकाच वायू निघतो. हा वायू अडीच हजार लिटरहून अधिक जागा व्यापतो, म्हणून झाकण घट्ट लावलेलं पिंप फुटतं. शिवाय तो हवेपेक्षा जड असल्याने बंद खोलीत जमिनीलगत साचतो. जगभर मोठमोठ्या मद्यनिर्मिती कारखान्यांत टाकी साफ करायला उतरलेले कामगार या वायूने गुदमरले आहेत.

नवशिक्याचा पहिला लोभ साखरेचा. जास्त साखर, जास्त दारू, असं साधं गणित. पण पाणी फार गोड झालं की यीस्टच्या पेशीतलं पाणीच बाहेर ओढलं जातं आणि ती काम करेनाशी होते. मोरावळा वर्षभर टिकतो तो याच कारणाने. त्यातून यीस्टने काम सुरू केलंच, तरी स्वतःच तयार केलेल्या मद्यार्कात ती एका मर्यादेनंतर निष्प्राण होते. बेकरीच्या यीस्टची ही मर्यादा बहुधा दहा-बारा टक्क्यांच्या आसपास येते. उरलेली साखर मग तशीच पडून राहते.

दुसरी अडचण उपासमारीची. पांढऱ्या साखरेत साखरेशिवाय काहीच नसतं. यीस्टला वाढायला नायट्रोजन लागतो, खनिजं लागतात, जीवनसत्त्वं लागतात. नुसत्या साखरपाण्यात ती थोडी वाढते आणि मग रेंगाळते. हातभट्टीवाले गुळाच्या रसायनात नवसागर टाकतात आणि त्याने नशा चढते असा समज आहे. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. नशेशी त्याचा संबंध नाही, पण त्यात नायट्रोजन आहे आणि तो यीस्टला चालतो. परवानाधारक कारखान्यात हेच काम युरिया किंवा डायअमोनियम फॉस्फेट मोजून टाकून होतं. भट्टीवर मोजमाप नसतं. डोळा आणि परंपरा असते, इतकाच फरक. (इतकाच म्हणालो, पण पिणाऱ्याच्या पोटाला तो बराच मोठा पडतो.)

तिसरी अडचण मनमाडची खास. यीस्टला पंचवीस ते बत्तीस अंश तापमान मानवतं. पस्तीसच्या पुढे तिची कुतरओढ सुरू होते आणि चाळीसच्या घरात ती काम टाकून देते. आंबण्याच्या क्रियेतून स्वतःचीही उष्णता निघते, त्यामुळे भरल्या पिंपाचं तापमान खोलीपेक्षा वरच असतं. एप्रिल-मे महिन्यात पत्र्याच्या छपराखाली ठेवलेल्या पिंपात यीस्टऐवजी आम्ल तयार करणारे जिवाणू बाजी मारतात. वास बदलतो, फेस मरतो, पाणी आंबटढाण होतं.

या आंबटपणाने एका मोठ्या शास्त्रज्ञालाही कामाला लावलं होतं. १८५६ साली फ्रान्समधल्या लिल शहरात बिगो नावाच्या कारखानदाराच्या टाक्यांत बीटाच्या रसाचा मद्यार्क बनायचा सोडून आंबट पाणी बनू लागलं. त्याने तिथल्या महाविद्यालयातले प्राध्यापक लुई पाश्चर यांना गाठलं. पाश्चर यांनी सूक्ष्मदर्शक लावला. चांगल्या टाकीत गोलसर पेशी दिसल्या, बिघडलेल्या टाकीत बारीक काड्यांसारखे जीव. आंबणं हे सजीवांचं काम आहे आणि वेगवेगळे सजीव वेगवेगळं काम करतात, या त्यांच्या सिद्धान्ताला इथून चालना मिळाली. पुढे १८९७ मध्ये एडुआर्ड बुखनर यांनी यीस्ट चिरडून, तिचा नुसता रस घेऊनही साखर आंबवून दाखवली. म्हणजे किमया पेशीत नव्हती, तर तिच्यातल्या विकरांत, म्हणजे एन्झाइममध्ये, होती. त्याबद्दल त्यांना १९०७ सालचं नोबेल मिळालं.

विकरांचा हा मुद्दा धान्याकडे वळलं की फार मोठा होतो. मका, गहू, ज्वारी, तांदूळ यांत साखर नगण्य असते. असतो तो स्टार्च, म्हणजे पिठूळ पदार्थ. स्टार्च ही साखरेच्या रेणूंची लांबलचक साखळी आहे आणि यीस्टला ती तोडता येत नाही. तिच्याकडे त्यासाठी लागणारं विकरच नाही. पिंपात टाकलेला मक्याचा भरडा पंधरा दिवसांनीही जवळजवळ तसाच राहतो, तळाशी गाळ होऊन. जी दारू तयार झाली ती सगळी साखरेची. धान्याने थोडा वास दिला, थोडा नायट्रोजन दिला, यीस्टला थोडा खुराक मिळाला. मका टाकला म्हणून ती मक्याची दारू झाली, हा नवशिक्याचा गोड गैरसमज आहे.

मग शिजवून टाकलं तर? शिजवणं आवश्यक आहे, कारण स्टार्चचे कण फुगून फुटल्याशिवाय कुठल्याच विकराला आत शिरता येत नाही. पण शिजवलेली पेज म्हणजे अजूनही स्टार्चच. शाळेतला आयोडीनचा प्रयोग आठवा. भाताच्या पेजेवर थेंब टाकला की निळाकाळा रंग येतो. नवशिक्याच्या पिंपातल्या शिजवलेल्या मक्यावर टाकला तरी तोच रंग येईल. स्टार्चची पूर्ण साखर झाली की हा रंग यायचा थांबतो.

साखर करायची युक्ती खुद्द धान्याकडेच आहे. दाणा भिजवून त्याला मोड आणले की कोंबाच्या वाढीसाठी तो स्टार्च तोडणारी विकरं तयार करतो. मोड आलेले दाणे वाळवले, भरडले आणि शिजलेल्या धान्यात साठ-पासष्ट अंशांच्या आसपास मिसळले की घट्ट पेज पातळ होत जाते आणि गोड लागू लागते. अंजेल्म पायें आणि जाँ-फ्रान्स्वा पेर्सो या फ्रेंच रसायनज्ञांनी १८३३ साली मोडाच्या जवातून हा पदार्थ वेगळा काढला. त्याला त्यांनी डायस्टेज म्हटलं. विकरांच्या अभ्यासाची सुरुवात तिथून धरतात.

आपल्याकडे मात्र हे काम त्याच्या किती तरी आधीपासून स्वयंपाकघरात चालत आलं आहे. तान्ह्या बाळासाठी नाचणीला मोड आणून, ती सावलीत वाळवून सत्त्व करणारी आजी तंतोतंत हीच क्रिया करते. मोडाच्या नाचणीची पेज पातळ राहते, किंचित गोड लागते आणि बाळाला पचते, कारण विकरांनी स्टार्च आधीच थोडा तोडून ठेवलेला असतो. कुठल्याही व्हिस्कीच्या कारखान्यातला जवाचा माल्ट हा या सत्त्वाचा सख्खा भाऊ आहे. आजीने ही विद्या बाळाच्या वाटीत वापरली, स्कॉटलंडच्या शेतकऱ्याने भट्टीवर.

प्रत्येक प्रदेशाने स्टार्च तोडण्याचा आपापला मार्ग काढला. युरोपने मोडाचं जव वापरलं. जपानने तांदळावर कोजी नावाची बुरशी चढवली. दक्षिण अमेरिकेत मका चावून, लाळेतल्या विकरांच्या भरवशावर चिचा आंबवत. झारखंड-ओडिशात तांदळाच्या हंडियासाठी राणू किंवा बाखर नावाच्या गोळ्या लागतात आणि त्यांत बुरशी व यीस्ट दोन्ही वस्तीला असतात. महाराष्ट्रात धान्याच्या दारूचा असा जोर दिसत नाही. माझ्या मते त्याचं कारण सरळ आहे. इथे गोड वस्तू आयत्या मिळत होत्या. कोकणात माडी, शेजारच्या गोव्यात काजूची बोंडं, उसाच्या पट्ट्यात गूळ, आणि सुरगाणा-पेठपासून पुढच्या डोंगरी भागांत मोह. मोहाच्या वाळलेल्या फुलांत निम्म्याहून अधिक साखरच असते. ब्रिटिश सरकारला ही फुलं महसुलाच्या आड येतात असं वाटलं आणि १८९२ च्या मोहरा कायद्याने ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत त्यांच्या साठवणुकीवर निर्बंध आले. फूल हातात साखरेसकट मिळत असताना ज्वारीला मोड आणून कोण बसेल? आणि ज्वारी तर पोटाला लागायची.

पोटाचा हा प्रश्न अजून सुटलेला नाही. २००७ साली राज्य सरकारने धान्यापासून मद्यार्क बनवणाऱ्या कारखान्यांना उत्तेजन देण्याचं धोरण आणलं, तेव्हा गडचिरोलीचे डॉ. अभय बंग यांच्यासह अनेकांनी त्याला कडाडून विरोध केला. दुष्काळी राज्याने भाकरीची दारू का करावी, असा त्यांचा सवाल होता. आता तोच कच्चा माल मोटारीच्या टाकीत जातो, म्हणून टीकेची धार बोथट झाली आहे. पण अन्न महामंडळाचा तांदूळ इथेनॉलला द्यायचा की नाही, यावर केंद्राने २०२३ मध्ये नाही म्हटलं आणि २०२४ मध्ये पुन्हा हो. हिशेबाने बघितलं तर एक टन तांदळातून साधारण साडेचारशे लिटर आणि एक टन मक्यातून पावणेचारशेच्या आसपास इथेनॉल निघतं. कारखान्यात मोड आणण्याची भानगड नसते. जिवाणू आणि बुरशीपासून बनवलेली विकरं पिंपाने विकत मिळतात. पहिलं विकर कढत पातळ पिठात साखळी तोडतं, दुसरं थोड्या कमी तापमानाला तिची साखर करतं, मग यीस्ट. उरलेला प्रथिनांचा चोथा पशुखाद्य म्हणून विकला जातो.

आणि नवशिक्याला फार हसायचंही कारण नाही. देशात व्हिस्की म्हणून खपणाऱ्या बाटल्यांत वर्षानुवर्षं उसाच्या मळीचा मद्यार्क मोठ्या प्रमाणात असे, वर थोडा माल्ट चवीला. युरोपीय संघाच्या नियमांनुसार व्हिस्की धान्याचीच लागते, म्हणून असा माल तिथे त्या नावाने विकता येत नाही. मनमाडच्या पिंपात साखर पडते आणि धान्य नावाला, तसाच हा प्रकार. फक्त लेबल चकचकीत.

राहिलं गाळणं. मद्यार्क ७८ अंशांना उकळतो, पाणी १०० ला, म्हणून वाफ धरून थंड केली की मद्यार्काचं प्रमाण वाढतं. वाफ थंड करायला भरपूर वाहतं पाणी लागतं. नळाला पाणी किती दिवसांनी येणार यावर घरची कामं ठरवणाऱ्या गावात हा विनोदच आहे. पण खरा धोका आगीचा. मद्यार्काची वाफ पेट घेते आणि घरगुती शेगडीची ज्योत हातभर अंतरावर असते.

विषबाधेबद्दल मात्र एक गैरसमज सर्वदूर आहे. आंबवताना चूक झाली की दारू विषारी होते, असं समजलं जातं. साखर किंवा धान्य आंबवताना मिथेनॉल फारच थोडं तयार होतं. ते फळांच्या गरातल्या पेक्टिनमधून येतं, तेही मर्यादित. जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला शंभरहून अधिक माणसं मेली ती आंबवण्याच्या चुकीने नव्हे. कारखान्यात वापरायचं मिथेनॉल दारू म्हणून विकलं गेलं होतं. ते स्वस्त असतं, दिसायला तसंच, चवीलाही फारसं वेगळं नाही. पहिली धार ओतून दिली की मिथेनॉल निघून जातं, हा दिलासाही खोटा आहे. पाण्यात मिसळलेलं मिथेनॉल पहिल्या धारेपासून शेवटच्या धारेपर्यंत पसरून येतं. भेसळ केलेल्या दारूत तर ते गाळून वेगळं करण्याचा प्रश्नच उरत नाही.

मिथेनॉल प्यायल्यावर आधी साध्या नशेसारखंच वाटतं. शरीर त्याचं फॉर्मिक आम्ल करतं आणि खरी लक्षणं बहुधा बारा ते चोवीस तासांनी दिसू लागतात. पोटदुखी, उलट्या, धाप, डोळ्यांपुढे धुकं किंवा पांढरट पडदा. तोवर माणूस ‘काल जास्त झाली’ म्हणून पडून राहिलेला असतो. रुग्णालयात फोमेपिझोल किंवा देखरेखीखाली इथेनॉल देऊन मिथेनॉलचं विघटन रोखता येतं, डायलिसिस करून ते रक्तातून काढता येतं. पण डोळ्याची नस गेली की ती परत येत नाही. अशा वेळी नातेवाइकांनी पोलिसांच्या भीतीने काय प्यायला ते लपवू नये. डॉक्टरला पहिल्या पाच मिनिटांत लागणारी माहिती तीच असते, आणि उरलेली बाटली सोबत नेली तर तपासणी आणखी लवकर होते.