तपानंतर फुलणारी नीलकुरिंजी

नाशिकचा सिंहस्थ हुकला की पुन्हा बारा वर्षं वाट पाहावी लागते. केरळ आणि तामिळनाडूच्या सीमेवरच्या डोंगरांतही असाच बारा वर्षांनी एक मेळा भरतो. माणसांचा नव्हे, फुलांचा! नीलकुरिंजी हे त्या झुडपाचं नाव. एका तपात ते एकदाच फुलतं आणि फुललं की निळ्या-जांभळ्या घंटांनी डोंगराचे उतारच्या उतार झाकून टाकतं. नीलगिरीला त्याचं नाव या निळाईवरूनच मिळालं, असं म्हणतात.

मुन्नारचा मागचा मोठा बहर २०१८चा. पर्यटकांच्या स्वागताची जय्यत तयारी होती, पण ऐन ऑगस्टमध्ये केरळात महापूर आला, दरडी कोसळल्या, रस्ते तुटले. पाऊस ओसरल्यावर कुरिंजी फुलायची ती फुललीच, बघायला येणारे मात्र थोडे होते.

आपल्या सह्याद्रीतली कारवी ही कुरिंजीची सख्खी बहीण. कारवीच्या काठ्यांचे कूड कोकणात कित्येकांनी पाहिले असतील. ती आठ वर्षांनी फुलते, कुरिंजी बारा वर्षांनी. १८३८पासूनच्या बहरांच्या नोंदी आहेत. रीत दोघींची एकच. सगळी झुडपं एकदम फुलतात, बिया टाकतात आणि एकदमच मरून जातात. एवढ्या बिया एकाच वेळी पडल्या की किडे-पाखरांनी कितीही खाल्ल्या तरी उगवायला पुरेशा उरतात, असं याचं कारण शास्त्रज्ञ देतात. पालियन आदिवासी तर आपलं वय कुरिंजीच्या बहरांवरून मोजत.

कुरिंजीचं घर म्हणजे साधारण १,३०० ते २,४०० मीटर उंचीवरचे गवताळ उतार. घळींमध्ये ‘शोला’ नावाचं ठेंगणं, दाट सदाहरित जंगल आणि वर मोकळं गवत, अशी तिथली रचना. हे गवत आणि शोला पावसाचं पाणी धरून ठेवतात, म्हणून ओढे उन्हाळ्यातही वाहतात. पण झाडं नाहीत म्हणजे जमीन पडीक, असा हिशेब इंग्रजांनी केला. आधी चहाचे मळे आले, मग ऑस्ट्रेलियातून आणलेले वॅटल आणि युकॅलिप्टस. स्वातंत्र्यानंतरही ही लागवड चालूच राहिली. गंमत पाहा, मराठीत आपण ज्या झाडाला ‘नीलगिरी’ म्हणतो ते हेच परदेशी झाड, आणि खऱ्या नीलगिरीच्या फुलाची जागा त्यानंच बळकावली!

बहराच्या वर्षी कुरिंजीचं कौतुक सगळेच करतात. तिचं मरण असतं ते मधल्या अकरा वर्षांत. फूल नसलेलं हिरवं झुडूप तोडताना कोणाचा हात थांबणार? केरळ सरकारनं २००६ साली इडुक्की जिल्ह्यात कुरिंजीमला अभयारण्य जाहीर केलं, सुमारे ३२ चौरस किलोमीटरचं. पण त्या हद्दीत वट्टवडा, कोट्टकंबूरच्या शेतकऱ्यांच्या जमिनीही येतात. आमच्या पट्ट्यांचं काय, हा त्यांचा प्रश्न रास्तच आहे, आणि हद्दीचा वाद वर्षानुवर्षं रेंगाळला. शेजारच्या एरविकुलम राष्ट्रीय उद्यानात मात्र नीलगिरी ताहर या रानबकऱ्यामुळे कुरिंजीलाही चांगलं संरक्षण मिळालं.

सगळ्या डोंगरांचं तप एकाच वर्षी पुरं होत नाही. २०२२ साली इडुक्कीतच शांतनपाराजवळ एक डोंगर फुलला, तेव्हा झुंबड उडाली. लोकांनी फुलं तोडली, प्लॅस्टिकच्या बाटल्या तिथेच टाकल्या. या झुडपाचं फूल तोडणं म्हणजे त्याचं आयुष्यातलं एकमेव बी तोडण्यासारखं! आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघानं २०२४मध्ये नीलकुरिंजीची नोंद धोक्याच्या छायेतल्या वनस्पतींमध्ये केली.

मुन्नारचा पुढचा बहर २०३०मध्ये अपेक्षित आहे. २०१८च्या बियांतून उगवलेली झुडपं सध्या गवतात नुसत्या पानांनिशी उभी आहेत. शेजारून जाणाऱ्याला ती ओळखूही येत नाहीत.