हक्क मुलाचा, कर्तव्य दोघांचे

पती-पत्नीचे नाते न्यायालयाच्या हुकूमनाम्याने संपवता येते. आईबाप आणि मूल यांचे नाते मात्र कोणत्याही हुकूमनाम्याने संपत नाही, आणि घटस्फोटानंतर उद्भवणाऱ्या बहुतेक वादांचे मूळ या फरकात असते. कायदा या नात्याची विभागणी तीन प्रश्नांत करतो. पालकत्व म्हणजे अज्ञान, अर्थात अठरा वर्षांखालील, मुलाच्या वतीने कायदेशीर निर्णय घेण्याचा व त्याची मालमत्ता सांभाळण्याचा अधिकार. ताबा म्हणजे मुलाचा प्रत्यक्ष सांभाळ. आणि पोटगी म्हणजे त्याच्या अन्न, वस्त्र, निवारा, शिक्षण व औषधोपचाराच्या खर्चाची जबाबदारी. ताबा एकाकडे असला तरी दुसऱ्याची खर्चाची जबाबदारी कायम राहते, आणि सर्वसाधारणपणे त्याला मुलास भेटण्याची सोयही करून दिली जाते.

हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, 1956 च्या कलम 6 नुसार औरस मुलाचे नैसर्गिक पालक वडील आणि त्यांच्यानंतर आई, असा क्रम आहे. पाच वर्षांखालील मुलाचा ताबा मात्र सामान्यतः आईकडे असावा, असे तेच कलम सांगते. विदर्भातील शेतजमिनीच्या एका वादात, वडील वीस वर्षांहून अधिक काळ विभक्त राहत होते व मुलीचा सर्व व्यवहार आईच पाहत होती, म्हणून 1970 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या आईलाच नैसर्गिक पालक मानले. पुढे दिल्लीतील लेखिका गीता हरिहरन यांनी 1984 मध्ये मुलाच्या नावे रोखे घेण्यासाठी रिझर्व्ह बँकेकडे अर्ज केला, तेव्हा वडिलांची सही किंवा पालकत्वाचे प्रमाणपत्र मागण्यात आले. या मागणीला दिलेल्या आव्हानावर 17 फेब्रुवारी 1999 रोजी निकाल देताना न्यायालयाने असा अर्थ लावला की, वडिलांनंतर म्हणजे केवळ त्यांच्या मृत्यूनंतर नव्हे, तर ते मुलाकडे लक्ष देत नसतील किंवा परस्पर संमतीने जबाबदारी आईकडे असेल, तेव्हाही आई नैसर्गिक पालक ठरते. दिल्लीतीलच एका अविवाहित ख्रिस्ती मातेच्या प्रकरणात 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालय आणखी पुढे गेले आणि मुलाच्या जन्मदात्याचे नाव उघड न करता व त्याला नोटीस न देता तिचा पालकत्वाचा अर्ज चालवता येईल, असे ठरवले.

पोटगीचा मार्ग धर्मनिरपेक्ष आहे. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील कलम 125 ची जागा 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 ने घेतली असून, त्याखाली कोणत्याही धर्माच्या औरस वा अनौरस अज्ञान मुलासाठी दाद मागता येते. हिंदूंना याशिवाय हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम, 1956 च्या कलम 20 चा आधार आहे, आणि ते कलम जबाबदारी आई व वडील दोघांवर टाकते. त्यामुळे दोघेही कमावते असतील तर खर्च मिळकतीच्या प्रमाणात वाटला जातो. राष्ट्रीय राजधानी क्षेत्रातील रेवाडीहून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या प्रकरणात 2020 मध्ये स्पष्ट झाले की, अविवाहित सज्ञान मुलगी स्वतःचा निर्वाह करू शकत नसेल तर ती याच कलम 20 खाली वडिलांकडून खर्च मागू शकते. मुलगा अठरा वर्षांचा झाला म्हणजे त्याच्या शिक्षणाचा सारा भार आईवर टाकता येत नाही, असे दिल्ली उच्च न्यायालयाने 2021 मध्ये म्हटले.

रक्कम ठरवताना खरी अडचण येते ती मिळकत लपवण्याची. नागपूरच्या कुटुंब न्यायालयात सुरू झालेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 4 नोव्हेंबर 2020 रोजी दोन्ही पक्षांना उत्पन्न, मालमत्ता व देणी यांचे प्रतिज्ञापत्र देणे बंधनकारक केले आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी, असे ठरवले. आदेश मोडणाऱ्याविरुद्ध वसुलीचे वॉरंट निघू शकते व थकबाकीच्या प्रत्येक महिन्यामागे एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. अशा वसुलीसाठी रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो.

दिल्ली परिसरात आणखी एक प्रश्न निर्माण होतो. दिल्ली, गुरुग्राम आणि नोएडा ही शहरे रोजच्या व्यवहारात एकच असली तरी तेथील प्रकरणे अनुक्रमे दिल्ली, चंडीगढ व प्रयागराज (अलाहाबाद) येथील तीन वेगळ्या उच्च न्यायालयांच्या अखत्यारीत येतात. पालक व पाल्य अधिनियम, 1890 च्या कलम 9 नुसार ताब्याचा अर्ज मूल जेथे सामान्यतः राहते तेथील न्यायालयात करावा लागतो. म्हणून मुलाला घाईने एका शहरातून दुसऱ्या शहरात नेले की त्याच्या हिताचा प्रश्न मागे पडतो आणि कोणत्या न्यायालयात जायचे, यावरच महिने खर्ची पडतात.

या सर्व नियमांच्या मुळाशी असलेले तत्त्व हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियमाच्या कलम 13 मध्ये नमूद आहे : मुलाचे हित सर्वोपरी. त्याचा व्यावहारिक अर्थ असा की, पोटगी मिळत नाही म्हणून भेट अडवणे आणि भेट मिळत नाही म्हणून पोटगी थांबवणे, या दोन्ही गोष्टी मुलालाच शिक्षा देतात. तसेच पोटगी हा मुलाचा हक्क असल्यामुळे घटस्फोटाच्या तडजोडीत आईलाही तो परस्पर सोडून देता येत नाही. आई व वडील एकाच वेळी समान नैसर्गिक पालक असावेत, अशी शिफारस विधी आयोगाने मे 2015 मधील 257 व्या अहवालात केली आहे, आणि न्यायालयांनी अर्थ लावून जे साधले ते कायद्याच्या शब्दांत उतरवण्यासाठी संसदेने ती स्वीकारायला हवी. मात्र कायदा बदलेपर्यंत वाट पाहण्याचे कारण पालकांना नाही : खरे उत्पन्न सांगणे, ठरलेली रक्कम वेळेवर देणे आणि दुसऱ्या पालकाची भेट न अडवणे ही तीन कर्तव्ये आजच पाळता येण्यासारखी आहेत.