कवंदी : जुन्या वस्त्रांची ऊब

लुगडे विरले की त्याची गोधडी होते, हे मराठी घराला सांगावयास नको. गोवा व बेळगाव यांच्या शेजारी, उत्तर कन्नड जिल्ह्यातील हल्याळ, यल्लापूर व मुंडगोड या भागांत सिद्दी स्त्रिया ‘कवंदी’ शिवतात. तिची रीत मात्र निराळी आहे.

सिद्दींचे पूर्वज आफ्रिकेतले. १५१० मध्ये गोवा जिंकल्यानंतरच्या काळात पोर्तुगीजांनी त्यांतील अनेकांना गुलाम म्हणून आणले. त्यांपैकी काहींनी पळून जाऊन सह्याद्रीच्या रानाचा आश्रय घेतला.

कवंदीचे तुकडे आधी एकमेकांस जोडून घेत नाहीत. जुन्या साडीचे अस्तर पसरावयाचे, एका कोपऱ्यापासून त्यावर तुकडे ठेवावयाचे, त्यांच्या कडा आत दुमडावयाच्या आणि धावदोरा घालीत कडेकडेने फिरत मध्याकडे यावयाचे. एकाच टाक्याने तुकडा जोडला जातो व थरही बांधले जातात. कोपऱ्यांवर त्रिकोणी घड्यांची ‘फुले’ बसली म्हणजे कवंदी पुरी झाली.

आजीची साडी, बापाचा सदरा, मुलीचा परकर अशा रीतीने एका पांघरुणात येतात. ज्यांच्या पूर्वजांना मायदेशातून काहीच बरोबर आणता आले नाही, त्यांच्या घरी हेच वंशाचे बाड ठरते. मात्र कापड स्वतः बोलत नाही. म्हणून घरी गोधडी शिवताना प्रत्येक तुकडा कोणाच्या अंगावरचा, हे मुलांना सांगत जावे. नाहीतर ऊब उरते आणि माणूस हरवतो.