माहूर नांदेड जिल्ह्यात, मग खासदार हिंगोलीचा का?

२०१९ मध्ये भाजपप्रणीत एनडीएने लोकसभेच्या ३५३ जागा जिंकून सत्ता राखली. महाराष्ट्रात ४८ पैकी ४१ जागा युतीला मिळाल्या. नांदेडमध्ये काँग्रेसचे अशोक चव्हाण हरले, ती लढत देशभर गाजली. पण नांदेड जिल्ह्यातल्याच माहूरकरांचं मत त्या लढतीत नव्हतंच!

कारण काय? लोकसभा मतदारसंघ विधानसभा मतदारसंघ जोडून बनतो, त्याला जिल्ह्याची हद्द आडवी येत नाही. माहूर तालुका किनवट विधानसभेत आणि किनवट हिंगोली लोकसभेत. या मतदारसंघात हिंगोली, नांदेड आणि यवतमाळ अशा तीन जिल्ह्यांचे भाग येतात. २०१९ मध्ये इथून शिवसेनेचे हेमंत पाटील जिंकले.

थोडक्यात, माहूरचे जिल्हाधिकारी नांदेडला. रेल्वे किंवा राष्ट्रीय महामार्गाचा प्रश्न संसदेत मांडायला सांगायचा तो हिंगोलीच्या खासदाराला.