जुनी जीप नव्यानं उभी केली, पण बॉनेटचे खटके नीट बसले का?

तालुक्याच्या गावात आजही एखाद्या वाड्याच्या मागं, नाहीतर गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये जुनी जीप उभी दिसते. कधीकाळी तिनं पेशंट दवाखान्यात नेले, वऱ्हाडं वाहिली, नंतर वडापही केलं. आता नातवंडं तिला पुन्हा रस्त्यावर आणायला निघालीत. इंजिन उतरतं, चासी घासून निघते, रंगावर चिक्कार पैसा जातो. आणि बॉनेटचे खटके? ते शेवटच्या दिवशी, गाडी बाहेर काढायच्या घाईत, हाताला लागतील त्या बोल्टांनी आवळले जातात.

गावात फिरताना काही जाणवत नाही. गाडी हायवेला लागली की खरी परीक्षा असते. जीपचं बॉनेट काचेच्या बाजूला बिजागरीवर असतं आणि पुढून उघडतं. समोरचा वारा जाळीतून आत घुसतो आणि बॉनेटला खालून वर रेटतो. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा जोर दुप्पट नाही, चौपट होतो. म्हणजे ताशी ४० ला जो खटका निमूट बसला होता, त्यावर ८० ला चौपट ताण. तो सुटला की बॉनेट उलटून थेट काचेवर आदळतं आणि ड्रायव्हरपुढं रस्त्याऐवजी पत्रा येतो.

जीपची रचना साधी, म्हणून जबाबदारी जास्त

अमेरिकेत विलिस कंपनीनं १९४१ पासून लष्करासाठी जीप बनवली. महिंद्रानं मुंबईत विलिस जीपची जुळणी सुरू केली आणि तिथून ती खेडोपाडी पोचली. या गाड्यांच्या बॉनेटला आतून ओढायची तार नाही. दोन्ही बाजूंच्या मडगार्डवर एकेक स्प्रिंगचा खटका, बॉनेटच्या कडेला त्याची हुकाची पट्टी. हुक अडकवायचा, खटका दाबायचा, झालं. कुणी त्याला क्लिप म्हणतं, कुणी लॉक.

आजच्या कारला मुख्य लॉक सुटलं तरी बॉनेट अडवणारा दुसरा हुक असतो. जीपला तो नाही. दोन खटके, तेवढाच आधार. एक ढिला असेल तर सगळा भार दुसऱ्यावर येतो, बॉनेट पिळतं आणि हुकाच्या पट्टीजवळ पत्र्याला चीर जाते. ही चीर रंगाखाली दडलेली असते, म्हणून जुना रंग काढल्यावर ती जागा बोटानं चाचपून बघावी. रंगकामवाल्यानं तिथं लांबी भरली तर वरून चकाचक दिसेल, ताकद मात्र शून्य. चिरेला वेल्डिंगच लागतं.

आधी बिजागरी, मग बैठक, खटका सगळ्यात शेवटी

बहुतेकांची चूक क्रमात होते. बॉनेट वाकडं बसलं की खटक्यानं ओढून सरळ करायला जातात. खटका धरून ठेवण्यासाठी आहे, ओढून जुळवण्यासाठी नाही. आधी बिजागरीचे बोल्ट अर्धवट आवळून बॉनेट ठेवावं, दोन्ही मडगार्डांशी फट सारखी करून घ्यावी, मगच बिजागरी पक्की करावी. तरीही एक कोपरा वर राहत असेल तर दोष बहुधा पुढच्या जाळीत किंवा मडगार्डात असतो. जुन्या जीपनं कधी बांध, कधी झाड चाखलेलं असतंच.

मग बैठक. बॉनेट जिथं टेकतं तिथं नवारीसारखी जाड कापडी पट्टी किंवा रबर असतं. ते झिजलं असेल तर पत्र्यावर पत्रा आपटतो, आणि खटका कितीही कडक असला तरी खडखड थांबत नाही. नवी पट्टी लावूनच खटक्याची जागा तपासावी, कारण पट्टीच्या जाडीनं उंची बदलते. उलट, ट्यूबचे जाड तुकडे कोंबले तर खटका लागायलाच अंगावर रेलावं लागतं, आणि तो ताण स्प्रिंग खात राहते.

हे सगळं रंगाच्या आधी एकदा करायचं आणि रंगानंतर पुन्हा. कंटाळवाणं आहे, पण रंग दिलेल्या मडगार्डावर नवं भोक पाडण्याची वेळ टळते. खटक्याची जुनी भोकं असतील तर तीच वापरावीत. ती गंजून मोठी झाली असतील तर आतून पट्टी वेल्ड करून मूळ मापाचं भोक पाडावं. नुसता मोठा वायसर टाकून भागत नाही, कारण भोवतीचा पत्राच कागदासारखा झालेला असतो. पत्रा चांगला असेल तर मात्र आतल्या बाजूला रुंद वायसर किंवा छोटी प्लेट जरूर द्यावी, म्हणजे ओढ एका बोल्टाच्या डोक्याएवढ्या जागेवर येत नाही. नट सुटणार नाही असा, नायलॉनच्या कड्याचा किंवा स्प्रिंग वायसर लावलेला असावा.

खटका लावताना हाताला स्पष्ट जोर लागला पाहिजे आणि शेवटी तो टक् करून बसला पाहिजे. दोन्ही बाजूंना जोर सारखा लागतो का, हे बघावं. फरक असेल तर दोन्ही स्प्रिंगा काढून शेजारी ठेवाव्यात. जी लांबलेली ती थकलेली. तिला गॅसवर तापवून आखूड करण्याचा उद्योग काही ठिकाणी चालतो, तो करू देऊ नये. तापवल्यानं पोलादाचं पाणी उतरतं आणि स्प्रिंग महिनाभरात पुन्हा ढिली पडते. चकाकीसाठी प्लेटिंगला टाकणंही धोक्याचं. ॲसिड आणि प्लेटिंगच्या कामात हायड्रोजन कडक पोलादात शिरतो, नंतर स्प्रिंग अचानक काडीसारखी तुटू शकते. प्लेटिंगनंतर लगेच ठरावीक तापमानाला भाजून तो काढतात, पण गावातल्या प्लेटिंगवाल्याकडं ती सोय क्वचितच. स्प्रिंगला साफ करून तेलाचा हात पुरे.

अँबेसिडर असेल तर

अँबेसिडर ब्रिटिश मॉरिस ऑक्सफर्डवरून घेतलेली, तिचं काम वेगळं. तिथं लॉक पुढं मध्यभागी एकच. बॉनेटच्या पोटाला स्प्रिंग असलेला टोकदार खिट्टा, तो खालच्या प्लेटच्या भोकात शिरून अडकतो. खिट्टा भोकाच्या मधोमध येतो का, हे डोळ्यांनी दिसत नाही. त्याच्या टोकाला थोडं ग्रीस लावून बॉनेट हळू टेकवायचं आणि उचलायचं. प्लेटवर डाग कुठं पडला ते सांगतं, कुठं सरकवायचं. बॉनेट वर राहत असेल किंवा फार आपटून लावावं लागत असेल तर लॉकनट ढिला करून खिट्ट्याची लांबी डिसमिसनं कमी-जास्त करता येते.

इथं एक हमखास फसगत आहे. नवं लॉक बसवलं, हौसेनं धाडकन बॉनेट लावलं, आणि ते उघडेना! म्हणून आधी बॉनेट उघडं ठेवून लॉकमध्ये डिसमिसचा दांडा घालून अडकतो का, आणि ओढल्यावर सुटतो का, हे चार-पाचदा बघावं. लॉकच्या पात्याला बारीक तार बांधून खालून बाहेर काढून ठेवली तर वेळप्रसंगी बरं पडतं.

जुगाड आणि कागदपत्रं

खटका मिळत नाही म्हणून गेटची कडी किंवा साखळी वेल्ड केलेल्या जीपा अनेक आहेत. त्यात खर्च वाचतो, पण गाडीचं मूळपण जातं. केंद्र सरकारच्या जुलै २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं उलटलेल्या खासगी दुचाकी-चारचाकींना 'व्हीए' मालिकेत व्हिंटेज नोंदणी मिळू शकते. नव्या नोंदणीची फी २० हजार, नूतनीकरणाची ५ हजार रुपये. अट अशी की चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे बदल केलेले नसावेत. एका कडीनं अर्ज अडेलच असं नाही, पण कापाकापी कमी तितकी बरी. कातडी पट्टा हा मात्र लाजिरवाणा जुगाड नाही. महायुद्धापूर्वीच्या कित्येक मोटारींचं बॉनेट मुळातच कातडी पट्ट्यानं आवळलेलं असे. जीपवरून असा पट्टा जादा आधार म्हणून टाकला तर काही बिघडत नाही, फक्त खटके चालू हवेत.

पहिली फेरी हायवेवर नको. खडबडीत गावरस्त्यावर दहा-पंधरा किलोमीटर, ४० च्या आत. निघण्याआधी प्रत्येक नट आणि पत्रा यांवरून रंगाची एक आडवी रेघ ओढून ठेवायची. परत आल्यावर रेघ तुटलेली दिसली तर तो नट सरकला. तो पुन्हा आवळायचा, आणि शंभरेक किलोमीटर झाल्यावर सगळ्यांना एकदा पाना लावायचा.